कोरस दाराबाहेरच थांबतो

रामदासपेठेत आमच्या कॉलेजसमोर एका झेरॉक्सवाल्याचं दुकान आहे. मी कॉलेजात नाटक शिकवतो आणि माझ्या नोट्स पोरांच्या आधी तो वाचतो. मशीनमधून निघालेला गरम कागद दोन बोटांत धरून हवेत हलवायचा आणि तेवढ्यात चार ओळी वाचून घ्यायच्या, ही त्याची सवय. मग प्रश्न. गिऱ्हाईक ताटकळलं तरी प्रश्न आधी.

"सर, ग्रीक शोकांतिकेत खून दाराआड होते. बाहेर हे कोरसवाले सगळं समजून राहिले, गाऊन राहिले. मग आत काहून जात नाही?"

"कोरसनं बघायचं, बोलायचं. आत जायचं नाही. तसा संकेतच आहे."

त्याला ते कधीच पटलं नाही. दर खेपेला तो तेच विचारायचा आणि मला उगीचच अस्वस्थ व्हायचं.

परवा माझ्या छातीच्या रिपोर्टची प्रत काढायला गेलो. या वेळी त्यानं कागद हलवला नाही. नुसता धरून उभा राहिला.

"सर, तिसऱ्यांदा याचा झेरॉक्स काढून राहिले तुम्ही. डॉक्टरले दाखवला का?"

"आधी फाइल नीट लावतोय," मी म्हणालो. नायकाची घोडचूक वर्गात समजावतो, अगदी त्याच शांत आवाजात.

त्यानं मशीन बंद केलं. रांगेतल्या पोरींना उद्या यायला सांगितलं, शटर ओढलं आणि स्कूटरला किक मारली.

"तो नियम कोरसले आहे सर, मले नाही. बसा मागं."