पंचामृताची वाटी

आमचं मांजराचं पिल्लू इतकं पातळ हगत होतं की त्याची शेपटी फडक्याला चिकटायची. मूठभर जीव. फ्रीगंजमधल्या जनावरांच्या डॉक्टरांनी गाईचं दूध साफ बंद करायला सांगितलं. मी केलं. तरी दस्त थांबेनात. मग एका सकाळी सासूबाई देवघरात सापडल्या. अभिषेकाचं उरलेलं पंचामृत, म्हणजे दूध, दही, तूप, मध, साखर सगळंच, त्या पिल्लाला चमच्याने चाटवत होत्या.

"तीर्थ आहे गं, मोरीत ओतू का? कुछ नहीं होता," त्या म्हणाल्या.

माझं डोकंच फिरलं. मी वाटी हिसकावून भिंतीवर आपटली. देवांच्या तसबिरींवरून दही ओघळलं. "मारून टाकाल त्याला!" मी किंचाळले. त्यांनी माझ्या दंडावर सणसणीत फटका मारला. त्यानंतर आमचं बोलणंच बंद झालं.

पिल्लू निपचित पडून असायचं. मी त्याला टॉवेलात आवळायचे, जबडा फाकवायचे आणि सिरिंजने औषध आत ढकलायचे. ते मान टाकून मुकाट्याने गिळायचं. त्या मुकाटपणाचीच मला धडकी भरायची.

एका दुपारी मात्र सिरिंज पुढे केली आणि त्याने फिस्कारून माझ्या अंगठ्यात दात रुतवले. सोडेचना. रक्त मनगटापर्यंत ओघळलं. माझा आवाज ऐकून सासूबाई हळदीचा डबा घेऊन धावत आल्या.

मी हसतच रक्ताळलेला अंगठा त्यांच्या तोंडासमोर नाचवला. "आई, चावलं! बघा ना, कसं कडकडून चावलं!"