रफीकभाईंनी स्वतःवर घेतलेली चूक

रफीकभाई गेले हे मला चाकणच्या कंपनीत, पहिल्या शिफ्टला, ग्रुपवरच्या मेसेजमधून कळलं. महिना झाला, पण अजून जीव थाऱ्यावर नाही. भोसरीत त्यांचं छोटं वर्कशॉप. ड्रॉइंगवरून सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनचा प्रोग्राम तयार करणारं महागडं सॉफ्टवेअर परवडेना, म्हणून या पठ्ठ्यानं स्वतःच एक लिहिलं आणि सगळ्यांना खुलं करून टाकलं. कुणीही फुकट वापरा, कुणीही सुधारा! सुट्टीच्या दिवशी आम्ही सात-आठ जण त्यांच्या पोटमाळ्यावर जमायचो, त्यांच्या हातचा मिट्ट गोड चहा प्यायचो, भांडायचो... काय दिवस होते ते! त्यांचा दंडक एकच. सॉफ्टवेअरमध्ये काहीही बदललं की आधी मशीन जॉब, म्हणजे कापायचा धातूचा तुकडा, न लावता नुसतं हवेत चालवून बघायचं. त्यावरून आम्ही त्यांची केवढी थट्टा करायचो.

मग एका सकाळी पेपरात बातमी आली: फुकटच्या सॉफ्टवेअरनं एका वर्कशॉपचं मशीन फोडलं. माझं टाळकंच सटकलं. बातमीदाराला मशीनमधलं काय कळतं, मालकालाच वापरता येत नसेल, असं मी ग्रुपवर तावातावानं लिहिलं आणि बाकीच्यांनीही तोंडसुख घेतलं. रफीकभाईंनी ते सगळं पुसायला लावलं, स्कूटर काढली आणि थेट त्या वर्कशॉपवर गेले. परत आल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाले, "बातमी खरी आहे, राव. आपल्या सॉफ्टवेअरमधला तो नवा बदल तू हवेत चालवला होतास ना?"

मी मान खाली घातली. साखरपुड्याला जायच्या घाईत मी नुसतंच 'तपासलं' म्हणून कळवलं होतं. माझ्या शब्दावर त्यांनी तो बदल स्वतःच्या नावानं चढवला होता. त्यांनी सरळ सॉफ्टवेअरच्या पानावर लिहिलं, 'तपासायचं राहिलं. चूक माझी. रफीक.' मग चार रविवार त्या वर्कशॉपवर जाऊन मशीन दुरुस्त केलं. मालक त्यांना वाट्टेल ते बोलायचा आणि मी शेजारी पाना धरून गप्प उभा असायचो. लाज वाटायची, पण तोंड उघडलं नाही.

गेल्या आठवड्यात त्यांची मुलगी शबाना हिनं मला पोटमाळ्यावर बोलावून सॉफ्टवेअरच्या पानाचा पासवर्ड दिला. यापुढे बदल मी चढवायचे, असं ते सांगून गेले होते. मी आधी तो जुना माफीनामा उघडला आणि खाली लिहिलं, 'तपासलं म्हणून मी खोटं सांगितलं होतं. चूक माझी. सुनील.'

शबानानं ते दोनदा वाचलं.

"त्या बातमीनंतर, चूक अब्बांचीच समजून, मी महिनाभर त्यांच्याशी बोलले नव्हते, काका," ती म्हणाली.