टेम्पोतल्या कापसावर बसून

इकडे ये, जवळ बस. तिकडे कोपऱ्यात मोबाइल घेऊन काय बसलीस? अन् तोंड तर असं पाडलंय की जसं कोणी मेलं. पूर आलेल्या गावात मदतीले गेलतीस, एका बाईनं दारातूनच हाकललं, एवढंच ना? हाकलणारच. मीपण हाकलाले निघाली होती. ऐक.

सिंदीत नाल्याचं पाणी आपल्या घरात घुसलं तेव्हा तू मामाकडे होतीस. मागच्या खोलीत छतापर्यंत कापूस भरलेला. भाव वाढेल म्हणून तुझ्या बापानं उन्हाळाभर ठेवला होता, अन् तो विकून तुले नर्सिंगले घालायचं असं घरात ठरलं होतं. पाणी उतरलं तेव्हा खालचा कापूस चिंब, वरचा कोरडा.

तुझा बाप वावरात गेलता. तेवढ्यात गावोगाव फिरून घरूनच कापूस उचलणाऱ्या, खेडा खरेदीवाल्या व्यापाऱ्याचा माणूस टेम्पो घेऊन दारात. "काकू, सडून जाईल सारा. आत्ताच उचलतो, जे मिळेल ते घ्या." चेहरा असा दुःखी केला, जसं पाणी त्याच्याच घरात शिरलं. मी म्हटलं, "सडू दे. तू निघ."

तो गेला अन् थोड्या वेळानं दुसरा टेम्पो आला. चार-पाच पोरंपोरी, गुडघ्यापर्यंत चिखल, हातात फावडी, ताडपत्र्या. "आजी, कापूस बाहेर काढावा लागेल. खालचा तापला की वरचाही पिवळा पडेल. शाळेच्या हॉलात पसरवतो."

"कोणी पाठवलं तुम्हाले?"

"कोणी नाही, आम्हीच आलो."

"कोणी पाठवलं नाई, तं आले काऊन?"

यावर हसले नुसते. बिनकामाचं हसणारा माणूस मले आधीपासूनच पटत नाई.

तरी म्हटलं, दारात आलेत, चहा टाकू. दूध नव्हतं, साखर वाहून गेली होती, फळीवरचा गूळ तेवढा वाचला होता. गुळाचा कोरा चहा समोर ठेवला. एकही हात पुढे आला नाई. त्यांच्यातला मोठा म्हणाला, "आमचा नियम आहे आजी. ज्याचं नुकसान झालं त्याच्या घरचं काही घ्यायचं नाही."

झालं, माझा संशय पक्का. आपल्याकडे चहाले नाई कोण म्हणते? ज्याच्याशी बोलणं तुटलं तो, नाईतर ज्याच्या मनात काही आहे तो. घरचा गूळ पोटात गेला की माणसाले थोडी तरी लाज राहते. मी खोलीच्या दारात पाट टाकून बसली. "चहा नाई, तं कापूस नाई."

एक पोरगी होती, आत्ता तू आहेस तेवढीच. तिनं त्या मोठ्याकडे न पाहता कप उचलला, फुंकून प्यायली. "आजी, गूळ जास्त झाला," म्हणे. म्हटलं, ही तरी खोटं बोलत नाई.

उठली मग दारातून. पण तेवढ्यावर सारा भरोसा टाकीन, तर मी कशाची? टेम्पो भरला तशी मीही चढली अन् कापसावर बसली.

"आजी, पडाल."

"पडली तं कापसातच पडीन. चाल."

चौकातून डावीकडे कापूस विकत घेणारी जिनिंग, सरळ शाळा. मी टेम्पोचा फाळका धरून तयार. डावीकडे वळला की ओरडून सारा चौक गोळा करायचा. ऐन चौकात ड्रायव्हरनं गाडी थांबवली. मी ओरडाले तोंड उघडलं. पाहते तर समोर म्हैस. ती हलली, अन् गाडी सरळ गेली.

हॉलात कोणाच्या गाद्या, कोणाची पुस्तकं वाळत होती. ओला कापूस वेगळा, कोरडा वेगळा पसरला. ऊन पडेपर्यंत ती पोरं रोज येऊन उलटवत, मी खुर्ची टाकून पाहत. फोटो काढला नाई, सही मागितली नाई. त्याचाही मले संशयच आला. म्हटलं, निवडणुकीत येईल कोणीतरी उपकार सांगाले. अजून आलं नाई. मी अजून वाट पाहून राह्यली.

ओला गेला, कोरडा वाचला, अन् त्यावर तू नर्सिंगले गेलीस. म्हणून सांगते, त्या बाईवर रुसू नको. उद्या पुन्हा जा. तिचं काय वाचवायचं आहे, ते आधी विचार. अन् तिनं चहा दिला, तर तुमचाही तसाच काही नियम असेल, तो खुंटीले टांग अन् पी.

मग लवकर इकडे येजो. ती बाई काय म्हणाली ते फोनवर नको सांगू, इथं माझ्याजवळ बसून सांग.