रत्नव्वाची फिर्याद

उचगावातून सकाळी सव्वासहाला कंपनीची बस सुटते आणि सातच्या आत कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत पोचते. तिथल्या शर्टांच्या कारखान्यात रत्नव्वा धागे कापायची. नवरा गेला तेव्हापासून, म्हणजे चौदा वर्षं. बाई बोलायला फटकळ, पण व्यवहाराला चोख. म्हणून बसमधल्या पंचवीसजणी दर शनिवारी दोनशे रुपये तिच्या हातावर ठेवायच्या, आणि तिचे स्वतःचे दोनशे त्यात पडायचे. ही दिवाळीची भिशी. वर्षभर भरायचं आणि वसुबारसेच्या आधी तेलाचा डबा, साखर, रवा, हरभरा डाळ असा सगळा बाजार नि उरलेली रोकड घरी न्यायची. भिशी चालवायचा तिच्या थोरल्या दिराचा मुलगा वीरेश, आपल्या किराणा दुकानातून. सात दिवाळ्या सगळं बिनबोभाट पार पडलं होतं. वीरेशला बऱ्याचजणींनी पाहिलंही नव्हतं. त्यांनी पैसे ठेवले होते ते रत्नव्वाकडं बघून.

आठव्या वर्षी, दिवाळीला बारा दिवस असताना ती डबे कधी येणार हे विचारायला दुकानावर गेली, तर शटर खाली. फोन बंद. घरी गेली, तर वीरेशची बायको शिवांजली पायरीवरच बसलेली, डोळे सुजलेले.

"चार दिस झालं काकू, घरात न्हाईत," ती म्हणाली. "कोण तरी दाम दुप्पट करून देतो म्हणालता. सगळी भिशी त्याच्याकडं टाकलीती. त्यो पळाला, आन् त्याच्या मागनं हे बी."

रत्नव्वा तिथंच टेकली. शिवांजलीनं पुढं केलेला पाण्याचा तांब्या तिनं हातात घेतला आणि बराच वेळ नुसता धरून ठेवला.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये चढल्यावर ती जागेवर बसली नाही. ड्रायव्हर गणपतरावांना तिनं गाणी बंद करायला सांगितली आणि दांडीला धरून बायकांकडं तोंड केलं.

"आपली भिशी बुडाली," ती म्हणाली. "वीरेश पैसं घालवून पळालाय. तुमास्नी दुसऱ्याकडनं कळायच्या आधी माझ्या तोंडनं कळाय पायजे."

कुणी आरडाओरडा केला नाही. मोना म्हणून एक नवी पोरगी होती, ती पदराआड रडायला लागली. चिमणाबाई मात्र रत्नव्वाकडं एकटक बघत राहिली. तिच्या लेकीचा पहिला दिवाळसण होता. जावयाचे कपडे, अंगठी, सगळं त्या पैशांतून व्हायचं होतं.

"पुतण्या हाय की त्यो तुझा," ती म्हणाली. "तुला काय बी ठावं नव्हतं, हे आमी कसं मानायचं?"

ठाऊक नव्हतं हे खरंच होतं. पण एवढ्या बायकांसमोर ते उत्तर रत्नव्वाला स्वतःलाच तोकडं वाटलं. त्या दिवसापासून बसमध्ये तिच्या शेजारी कुणी बसेना. डबा खायलाही ती एकटीच.

रविवारी थोरले दीर बसलिंगाप्पा घरी आले. नवरा गेल्यावर याच माणसानं तिला आधार दिला होता, कंपनीत चिकटवलं होतं. चहा झाल्यावर त्यांनी खिशातून पाकीट काढून पुढं सरकवलं.

"तुझं तेवढं पैसं हाईत. ठेव. बाकीच्यांचं बघू सवडीनं. पोलिसात कुणी जाया लागलं तर तू थांबव. तुझं ऐकतील त्या."

"भावजी, आता माझं कोण ऐकतंय?"

"घरातलं घरात ऱ्हाऊ दे, रत्नव्वा. पोराच्या कपाळाला डाग लागंल."

रत्नव्वानं पाकिटाला हात लावला नाही. "त्यांचं बुडवून मी माझं घेतलं, तर चिमणाबाई बोलली ते खरं हुईल की," ती म्हणाली. बसलिंगाप्पा पाकीट उचलून उठले. दारात चपला घालताना त्यांना तोल सावरावा लागला. तिनं हात पुढं केला, पण त्यांनी तो धरला नाही.

सोमवारी तिनं रजा टाकली आणि एकटीच पोलीस ठाण्यात गेली. दर शनिवारच्या भरण्याची नोंद असलेली पंचवीसजणींची भिशीची कार्डं तिनं बसमध्ये मागून घेतली होती, त्यात स्वतःचंही ठेवलं होतं. बायकांनी ती दिली, पण 'आमी बी येतो' असं कुणी म्हणालं नाही. हवालदारानं फिर्याद लिहून घेताना विचारलं, "आरोपी तुमचा कोण लागतो?"

"पुतण्या. ल्हानपणी माझ्याच ताटात जेवायचा."

"मग विचार करून सही करा."

"रातभर केलाय," ती म्हणाली आणि सही केली.

ती दिवाळी बहुतेक घरांत थोडक्यात उरकली. चिमणाबाईनं जावयाला उधारीवर कपडे घेतले, अंगठी राहिलीच. रत्नव्वा पाडव्याला तिच्याकडं चकल्या घेऊन गेली, तर चिमणाबाईनं दार उघडलं, डबा बघितला आणि "आमच्यात झाल्यात" म्हणून दार लावून घेतलं.

वीरेश पौषात सापडला, बेळगावात एका लॉजवर. पुढं बसलिंगाप्पांनी दुकानाचा गाळा विकला आणि निम्म्याहून थोडे कमी पैसे बायकांना परत मिळाले. ते वाटले वीरेशच्या वकिलाच्या कचेरीत. रत्नव्वानं आपला वाटा सगळ्यात शेवटी घेतला. उरलेल्यासाठी खटला चालू आहे. दिराच्या घरचे आता तिच्याशी बोलत नाहीत. शिवांजलीच्या बाळाच्या बारशाचं बोलावणं अख्ख्या गल्लीला होतं, तिला तेवढं नव्हतं. त्या दुपारी ती घरात बसून राहिली, पाळण्याची गाणी तिच्या खिडकीपर्यंत येत होती.

कोर्टाच्या प्रत्येक तारखेला तिचा एका दिवसाचा पगार बुडतो. चार तारखा तिनं एकटीनं काढल्या. पाचव्या तारखेच्या आदल्या दिवशी बस कागलच्या फाट्याला वळत असताना मागून चिमणाबाईचा आवाज आला.

"उद्या किती वाजता जायचं हाय कोर्टात?"

"अकराला," रत्नव्वा मागं न वळता म्हणाली.

"मग मी बी रजा टाकते. त्या वकिलाला दोन गोष्टी मलाबी इचारायच्यात."