गुप्त ठेवीन म्हणून सही केली होती

मागच्या महिन्यात सरपंचपदाचं मतदान होतं. मी सकाळी सातपासून गावच्या शाळेत, स्वयंसेवक म्हणून. म्हाताऱ्याकोताऱ्यांना व्हीलचेअरवरून आत न्यायचं, बाहेर आणायचं, एवढंच काम.

मारेगावात माझं इलेक्ट्रिकचं दुकान आहे. मोटार वाइंडिंगपासून सुरुवात केली. नुसत्या आवाजावरून बिघाड सांगतो म्हणून लोक लांबून येतात... या कानांचा मला जरा गर्वच होता.

दहाच्या सुमारास सीतारामकाका आले. त्यांना दिसत नाही. अशा मतदाराला बटण दाबायला एक सोबती आत नेता येतो. त्यांना घेऊन आलेला पुतण्या पुढे झाला. त्याचीच बायको सरपंचपदाला उभी होती!

काका म्हणाले, "तू नोको. हा दुकानवाला येते माह्यासंग."

केंद्राध्यक्षांनी माझी फॉर्मवर सही घेतली... यांचं मत गुप्त ठेवीन. काकांनी माझ्या कानात चिन्ह सांगितलं. सूनबाईंचं नव्हतं. मी बटण दाबलं, बीप वाजली.

माझा कोपर धरून काका बाहेर आले. केंद्रापासून शंभर मीटरवरच्या पांढऱ्या रेषेपलीकडे, चहाच्या टपरीवर पुतण्या चार-पाच जणांत उभा होता.

"काय भाऊ, आमच्या काकानं बराबर दाबलं ना?"

'मले नको विचारू' म्हटलं असतं तर संपलं होतं. पण दुकानदाराची जीभ... गिऱ्हाइकाला हसवल्याशिवाय सोडत नाही. मी म्हणालो, "काका तुह्यापेक्षा हुशार निघाले ना बे!"

सगळे खो खो हसले. पुतण्या हसला नाही. आणि माझ्या कोपरावरची काकांची बोटं हळूच सुटली.

पुतण्यानं गाडीला किक मारली आणि एकटाच निघून गेला. मी काकांना घरी सोडतो म्हणालो. "राहू दे," म्हणाले, आणि काठी टेकत निघाले.

पुतण्याची बायको निवडणुकीत पडली. आठवड्यानं दुकानात दोन गिऱ्हाइकं बोलत होती... काकांची खाट ओसरीतून गोठ्यात गेली म्हणे. मी वायर मोजत होतो, मोजणी चुकली.

पुतण्याकडे गेलो, हात जोडले. तो म्हणाला, "तुमी नोका पडू आमच्या घरच्यात." मग गोठ्यात गेलो. काका बैलाशेजारी बसले होते. माफी मागितली. काका म्हणाले,

"घरचा सोडून तुले काहून नेलं, समजलं का? तू परका व्हता म्हणून."



परवा पुन्हा गेलो. लाकडी बोर्डावर मतदानाच्या मशीनसारखे आठ खटके एकाखाली एक बसवून नेले होते. म्हटलं, काका, वरून बोटानं मोजायचं आणि आपलं आपण दाबायचं. पुढच्या वेळी मी फक्त दारापर्यंत.

काकांनी बोर्ड मांडीवर घेतला. बोटं खाली खाली सरकू लागली. मग थांबली. "तिकडं पाह्य," म्हणाले.

मी तोंड फिरवलं. पण खटक्याच्या आवाजावरून कितवा, तेही मला कळलं असतं... म्हणून दोन्ही कानांवर हात घट्ट दाबून धरले. बोर्डाला करंट नव्हता, तरी.