मामाचं काळं फुलपाखरू

सगळं जग रंगीत फुलपाखरांमागं धावतं. एवढ्याशा काळपट फुलपाखरापायी बायकोशी भांडणारा माणूस एकच, आणि तो नेमका माझा बेडशाचा मामा. लेणी बघायला आलेल्यांपैकी कुणी त्या फुलपाखराला पतंग म्हटलं, की मामा त्याला वाटेतच उकिडवा बसवणार. "मिशा बगा पावनं! टोकाला आकडा हाय का न्हाई? फुडच्या पंखावर पांढरं ठिपकं, मागच्यावर ह्यो डाग, दही सांडल्यावानी. पतंगाला असतंय व्हय असं?" पाहुणे माना डोलवत लेणी न बघताच परत. या फुलपाखराची अळी हळदीचं पान दुमडून आत राहते. मामीनं एकदा तसलं पान खुडलं, तर मामानं बोलणंच टाकलं. मामी म्हणते, "लोकं हळद खात्यात, ह्ये हळद खाणाऱ्याला पोसत्यात!"

मग शुगरनं मामाच्या डोळ्यांची वाट लावली. त्याच उन्हाळ्यात टेकडीवरची रानहळद कुणाच्या तरी बंगल्यासाठी जेसीबीनं सपाट केली. आता ते काळं जाणार कुठं? मामानं रंगाच्या रिकाम्या डब्यांत हळद लावून दारात मांडली आणि वाट बघत बसला. मी गेलो की पाणी विचारायच्या आधी, "डबं बगून ये. आलं का?"

भादव्यात एकदा ते खरंच आलं. मी ओरडलो. मामा धडपडत आला, पानाला नाक लावलं, तेवढ्यात ते उडालं. मामा नुसत्याच पानाकडं बघत राहिला. उडालं म्हणून मी सांगितलं, तेव्हा म्हणाला, "कसं बसलं हुतं? करून दाव."

नकला मी अख्ख्या गावाच्या करतो, सरपंचाची तर खोकल्यासकट. पण फुलपाखरू? "मामा, वजन बघा माझं!"

"म्हणून तर. त्ये न्हाई दिसत मला. तू दिसतूस की."

मग काय, अंगणात खालून खालून, तुटक उड्या मारत फिरलो आणि डब्यापाशी पंख अर्धे उघडे ठेवून बसलो. मामी पदर तोंडाला लावून हसत होती.

"मिशा?" मामानं दरडावलं. मी कपाळावर बोटं धरून टोकं वाकवली.

"मागच्या पंखावर?"

मामीच हसायची थांबली. चुलीजवळचं भाकरीचं पांढरं फडकं आणून तिनं माझ्या पाठीवर पसरलं.

डोळे बारीक करून मामा कितीतरी वेळ बघत होता. "त्येच हाय," म्हणाला. "आलं म्हंजी."

मी उठायला लागलो.

"थांब रं. परत एकदा उड. सावकाश उड."