हळू पाठवा

सदुसष्ट सालच्या जानेवारीत माझं हौशी रेडिओचं लायसन्स आलं. पोस्टमन सकाळी अकराच्या सुमारास बोईसरला आमच्या चाळीत आला. मी कामावर होतो, म्हणून रजिस्टरवर सही बायकोने केली. परीक्षा, मोर्सची चाचणी आणि पोलीस चौकशी मिळून चौदा महिने गेले होते.

त्याआधी पंधरा वर्षं मी फौजेत सिग्नलमध्ये होतो. शेवटचा हुद्दा हवालदार. मूळचा सातारा जिल्ह्यातला. पेन्शनवर आल्यावर तारापूरच्या वीजकेंद्राच्या बांधकामावर एका ठेकेदाराकडे इलेक्ट्रिकल सुपरवायझर म्हणून लागलो. पुण्यातही नोकरी मिळत होती. मी बोईसर का घेतलं, ते बायकोला सांगितलं नव्हतं.

हौशी रेडिओ म्हणजे काय, ते सांगतो. सरकारची परीक्षा देऊन घरात स्वतःचा ट्रान्समीटर ठेवायचा आणि दुसऱ्या हौशी माणसाशी संपर्क करायचा. त्यात पगार नाही, धंदा नाही. एक नियम मात्र कडक आहे. प्रत्येक संपर्काची वेळेसकट नोंद लॉगबुकात ठेवायची.

संच मी स्वतः बांधला. ट्रान्समीटरला एकच मोठा व्हॉल्व्ह. रिसीव्हर मुंबईच्या चोरबाजारातला, महायुद्धातला लष्करी माल. चाळीमागच्या ताडापासून बांबूपर्यंत तांब्याची तार ताणली. शेजारीण तिच्यावर लुगडं वाळत घालायला निघाली, तेव्हा बायकोने तिला थोपवलं. या सगळ्यात मला मदत झाली ती डहाणूच्या होमीशेठची. साठीचे पारशी गृहस्थ, चिकूच्या वाडीचे मालक, आणि जुने हौशी ऑपरेटर.

पहिल्या रविवारी सकाळी साडेआठला मी मोर्स-कीवर हात ठेवला. चाचणीचा दिवस सोडला तर चार वर्षं ठेवला नव्हता. तिसऱ्या हाकेला उत्तर आलं. समोरचा नवखा होता. एकेक अक्षर चाचपडत येत होतं. मी माझ्या नेहमीच्या वेगाने उत्तर दिलं, मिनिटाला वीस शब्द. हात अजून चालत होता याचा मला आनंद झाला, हेही कबूल करतो.

समोरच्याने तीन अक्षरं पाठवली. क्यूआरएस. जगातल्या कुठल्याही ऑपरेटरला याचा अर्थ कळतो. हळू पाठवा.

मी स्विच बंद केला. लॉगबुकात लिहिलं : आठ चाळीस, संपर्क तुटला. दुपारी जेवण झाल्यावर ती नोंद पुन्हा वाचली. संपर्क तुटला नव्हता, मी तोडला होता. आणि त्याने काय मागितलं, ते मी लिहिलंच नव्हतं. हे मी दुसऱ्यांदा केलं होतं.

पुढचे सहा दिवस संचावर कापड टाकलेलं होतं. सातव्या दिवशी होमीशेठ सकाळच्या गाडीने आले. हातात चिकूची पिशवी. बसायच्या आधीच त्यांनी सुरुवात केली.

"काय रे हवालदार, पळाला काय? मी ऐकला ना डहाणूहून. तो बिचारा अर्धा तास तुला बोलावत होता."

मी म्हटलं, व्होल्टेज गेलं होतं.

"तुझा व्होल्टेज गेला. हवेवर कोणाची गाडी सुटते काय? समोरचा जेवढा हळू, तेवढाच आपण हळू. आमच्यात पहिला कायदा हा. हळू मागायची लाज नाही, आणि मागितला तर द्यायचा."

ते हसत होते. मला हसता येईना. मग मी त्यांना जे सांगितलं, ते आता इथे लिहितो.

बासष्टच्या ऑक्टोबरमध्ये मी नायक होतो. आमची ब्रिगेड नेफात, चीनच्या सरहद्दीवर होती. ब्रिगेड हेडक्वार्टरच्या वायरलेसवर माझा सेक्शन होता. माझ्याकडे एक नवा सिग्नलमन होता, जनार्दन तांडेल. पालघरजवळच्या सातपाटीचा, मासेमारी करणाऱ्या घरातला. वय एकवीस. सेट दुरुस्त करण्यात त्याचा हात चांगला होता. गाठ कुठलीही असो, दातांनी सोडवायचा. मोर्समध्ये मात्र कच्चा होता. मिनिटाला बारा शब्दांच्या वर गेलं की त्याची अक्षरं गळायची.

मी त्याला बोलायचो. माझ्या सेक्शनला सगळ्यात वेगवान म्हणायचे आणि मला त्याचा अभिमान होता. जनार्दनने क्यूआरएस मागितलं की मी सगळ्यांसमोर विचारायचो, तांडेल, मासे मोजतोस काय? सगळे हसायचे, तोही हसायचा.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात एका पोस्टवरचा ऑपरेटर आजारी पडला. पोस्ट उंचावर होती. एक गढवाली प्लॅटून, ऑपरेटर धरून सत्तावीस माणसं, कमांडर एक जमादारसाहेब. माझ्याकडे दोन माणसं मोकळी होती. दुसऱ्याला ताप होता. मी जनार्दनला पाठवलं.

निघताना तो म्हणाला, "उस्ताद, माजा स्पीड अजून कच्चा हाय."

मी म्हणालो, "तिथे जाऊन क्यूआरएस मागू नकोस. सेक्शनचं नाव घालवशील."

"नाय मागणार," तो म्हणाला. त्याने सॅल्यूट केला. मी नायक होतो, मला सॅल्यूट करायचा नसतो. त्यावरही मी त्याला बोललो.

दहा-बारा दिवस रोजचं काम चाललं. हवामान, रेशन, बॅटरी. छोटे मेसेज असायचे, तो उतरवून घ्यायचा.

मग ती सकाळ आली. सहा चाळीसला ड्यूटी ऑफिसरने माझ्या हातात मेसेज दिला. तीन पोस्टना माघारीचा हुकूम. पाच-पाच अक्षरांचे तेवीस गट, सांकेतिक. यात चार-पाच गट गळले की पुढच्याला काहीच उलगडत नाही. ऑफिसर म्हणाले, "सेव्हन टेनला सेट बंद. तोपर्यंत ऐकत राहा. मग आपणही निघायचं."

पहिल्या पोस्टने मेसेज एका दमात घेतला. दुसरीनेही. तिसरी जनार्दनची. सहा एक्कावन्नला त्याच्यासाठी सुरू केलं. माझ्या वेगाने तेवीस गटांना मिनिटभर लागतं.

सहा बावन्नला तो म्हणाला, क्यूआरएस.

मी मेसेज पुन्हा पाठवला. वेग कमी केला नाही. मागे गाड्या सुरू झाल्या होत्या, तंबू उतरत होते. त्या गडबडीत हात उलट थोडा पुढेच गेला असेल.

सहा पंचावन्नला पुन्हा क्यूआरएस. या वेळी अक्षरं तुटक होती. बोटं गारठली असणार, हे मला कळत होतं. मी तिसऱ्यांदा मेसेज पाठवला नाही. एवढंच विचारलं, मिळाला का? आणि लगेच पुन्हा, मिळाला का?

थोडा वेळ काही आलं नाही. सहा छप्पन्नला एक अक्षर आलं. आर. म्हणजे मिळाला.

त्याला मिळाला नव्हता, हे मला त्याच वेळी माहीत होतं. ते आर कसं आलं, ते मी ऐकलं होतं. मी त्याला शिकवलं होतं, त्याचा हात मी ओळखत होतो. तरी लॉगमध्ये लिहिलं : सहा छप्पन्न, आर. दोन्ही क्यूआरएस लिहिले नाहीत. सहा अठ्ठावन्नला मी हेडफोन काढले. सात वाजता कोणीतरी चहाचा मग दिला, तो प्यायलो. सात दहाला सेट बंद केला आणि लिहिलं : सात दहापर्यंत वॉच ठेवला, ट्रॅफिक नाही. म्हणजे कुठूनही काही आलं नाही.

पहिल्या दोन्ही पोस्टची माणसं दुसऱ्या दिवशीपर्यंत खाली आली. तिसरीची आली नाहीत.

चौकशीत माझा लॉग तपासला गेला. मेसेज वेळेवर गेला, पोच मिळाली. ऑफिसरने माझं अक्षर स्वच्छ आहे असं म्हटलं. मला त्रेसष्ट साली हवालदारी मिळाली.

त्याआधी, बासष्टच्याच डिसेंबरमध्ये मी कावीळ होऊन लष्करी इस्पितळात पडलो. शेजारच्या खाटेवर त्या पोस्टचा एक शिपाई होता, बलबीर. सत्तावीसपैकी दोघे परतले होते, त्यातला एक. दोन्ही पायांची बोटं हिमदंशाने गेली होती. मी सिग्नलचा, हे कळल्यावर त्याने ऑपरेटरची गोष्ट काढली. कागद घेऊन पोरगा जमादारसाहेबांकडे गेला, पण त्यातून अर्थ निघेना. जागोजागी अक्षरं रिकामी होती. साहेब म्हणाले, पुन्हा माग. सात वाजले असतील. पोरगा पुन्हा सेटवर बसला. सव्वासातपर्यंत निघालो असतो तर नाल्यातून उतरता आलं असतं, बलबीर म्हणाला. हल्ला साडेआठनंतर आला.

"उस्ताद, लड़का आख़िर तक एक ही चीज़ बजाता रहा. अब मेरे कान से नहीं जाती. आप बताओ क्या है."

बलबीरला मोर्स येत नव्हतं. त्याने चमचा घेतला आणि जर्मनच्या, म्हणजे अॅल्युमिनियमच्या मगावर ठोकून दाखवलं. लांब, लांब, आखूड, लांब. आखूड, लांब, आखूड. मग तीन आखूड. थांबून पुन्हा तेच.

मी म्हणालो, मला ओळखू येत नाही.

होमीशेठनी हे सगळं ऐकून घेतलं. त्यांचा चहा तसाच राहिला होता. ते उठले.

"हे मला कशाला सांगतो? मी कोण? सातपाटी इथून किती लांब हाय?"

मी बोईसर घेतलं, ते सातपाटीसाठी. वर्षभर गेलो मात्र नाही. बाजारात सातपाटीच्या बायका सुके बोंबील घेऊन बसायच्या, त्यांच्याकडून मी बोंबील घ्यायचो. तांडेलांचं घर कुठलं, हे कधी विचारलं नाही.

त्याच्या पुढच्या रविवारी पालघरला उतरून एसटीने सातपाटीला गेलो. दुपारचे दोन वाजले होते. बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळत घातले होते. जनार्दनचे वडील ओट्यावर जाळं शिवत होते. आत भिंतीवर जनार्दनचा वर्दीतला फोटो. मी नाव सांगितलं, तेव्हा त्याची आई दारात आली.

"तुमी उस्ताद? जनूच्या पत्रात तुमचंच नाव असायचं. बसा, बसा."

तिने सोड्यांचं कालवण आणि भाकरी वाढायला घेतली. आधी ऐका, असं मी म्हणालो. मग उभ्याने सांगितलं, वर लिहिलं आहे तेवढं आणि त्याच क्रमाने. मासे मोजतोस काय, हेही सांगितलं. सात वाजता प्यायलेल्या चहाचंही सांगितलं.

आई उठली आणि मागच्या दाराने वलांडीकडे गेली. ती परत आली नाही. वडिलांची सुई थांबली होती.

"तो काय वाजवत व्हता, ते दाखवा," ते म्हणाले.

मी ओट्याच्या फळीवर बोटाने वाजवून दाखवलं.

"म्हंजे काय?"

"हळू पाठवा."

"मग पाठवा ना. तो मागत व्हता तसा."

मला आधी कळलं नाही. ते फळीकडे बघत होते. मी खाली बसलो. ते तेवीस गट मी कधी विसरलो नाही. पहिल्या गटापासून सुरुवात केली, मिनिटाला सहाच्या वेगाने, प्रत्येक अक्षर सुटं. जनार्दनच्या हाताला झेपलं असतं तसं. वडील मान खाली घालून ऐकत होते. गल्लीतून एक बाई टोपली घेऊन गेली, ती थांबली नाही. शेवटचा गट संपला तेव्हा मी सवयीने घड्याळ पाहिलं. चार मिनिटं झाली होती.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं."

"येवढाच येळ?"

त्यांनी सुई उचलली, पण टाका घातला नाही.

"त्या वरती बाकीचे व्हते, त्यांच्या घरी गेलते काय?"

"नाही."

"त्यांचे बापूस हायेत ना?"

मी निघालो तेव्हा ते उठले नाहीत. परत या असं कोणी म्हणालं नाही, आणि तसं म्हणावं अशी माझी अपेक्षाही नव्हती.

आता दर रविवारी मी संचावर बसतो. नवख्याने हळू मागितलं की हळू पाठवतो, आणि ते वेळेसकट लॉगबुकात लिहितो. त्याने काही भरून निघत नाही. बाकीच्या चोवीस जणांची नावं मी रेकॉर्ड ऑफिसकडून मागवली. गढवालमधल्या सात घरी जाऊन आलो आहे. दोन ठिकाणी मला दारातूनच परत पाठवलं. एका ठिकाणी म्हाताऱ्या आईला ऐकू येत नव्हतं, तिच्या सुनेने तिच्या कानाशी ओरडून सगळं सांगितलं. सगळ्या घरी जाणं माझ्या हातून होईल असं वाटत नाही, म्हणून हे लिहिलं.

त्या सकाळच्या लॉगमध्ये ज्या नोंदी असायला हव्या होत्या, त्या अशा :

सहा बावन्न. पोस्टने हळू पाठवायला सांगितलं. वेग कमी केला नाही.

सहा पंचावन्न. पोस्टने पुन्हा सांगितलं. मेसेज पाठवला नाही.

सहा छप्पन्न. पोच आली. ती खरी नव्हती, हे ऑपरेटरला माहीत होतं.

सहा अठ्ठावन्न. हेडफोन काढले.

सात ते सात दहा. पोस्ट बोलावत होती. ऐकायला कोणी नव्हतं.

पोस्टवर : एक जमादारसाहेब आणि पंचवीस जवान. ऑपरेटर, सिग्नलमन जनार्दन तांडेल, सातपाटी. परत आले, दोन.